युक्तिवाद कमकुवत करा: तर्काच्या प्रश्नात घाव नेमका कुठे घालायचा

‘खालीलपैकी कोणतं विधान खरं असल्यास वरील युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत होईल?’ जीमॅट (व्यवस्थापन शिक्षणाची प्रवेशपरीक्षा) आणि एलसॅट (कायद्याच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा) या दोन्ही परीक्षांत या धाटणीचा प्रश्न हटकून असतो. वर चार-पाच ओळींचा उतारा, खाली पाच पर्याय. नवख्यांचा इथे घोळ होतो तो भाषा न कळल्यामुळे क्वचितच. लेखकाला खोटं पाडायचं आहे अशा समजुतीने ते प्रश्नाला भिडतात, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते.

उताऱ्यात दिलेली माहिती खरी धरायची. पर्यायात दिलेली माहितीही खरीच धरायची, ‘असल्यास’ हा शब्द त्यासाठीच असतो. ‘असं कसं होईल?’ म्हणून पर्यायाशी भांडत बसू नका. दोन्ही गोष्टी खऱ्या असतानाही निष्कर्ष डळमळतो का, एवढंच पाहायचं. शिवाय निष्कर्ष जमीनदोस्त व्हायला हवा असंही नाही. पर्याय वाचण्याआधी त्यावर सत्तर टक्के विश्वास होता आणि वाचल्यावर तो चाळीसवर आला, तर काम झालं. ‘यानेही निष्कर्ष पूर्ण खोटा ठरत नाही’ असं म्हणून बरोबर उत्तर खोडणारे विद्यार्थी कमी नाहीत.

पायरी 1: आधी प्रश्न, मग उतारा

उताऱ्याखालची प्रश्नाची ओळ आधी वाचा. पाच सेकंद लागतात. ‘कमकुवत’, ‘शंका निर्माण करणारं’, ‘सर्वांत गंभीर आक्षेप’, ‘योजना अयशस्वी ठरण्याची शक्यता वाढवणारं’ अशी शब्दरचना वेगवेगळी असते, काम एकच असतं. बऱ्याचदा या ओळीतच निष्कर्ष सांगून टाकलेला असतो: ‘व्यवस्थापनाने दिलेलं स्पष्टीकरण कोणत्या विधानामुळे कमकुवत होतं?’ म्हणजे उताऱ्यात व्यवस्थापनाचं स्पष्टीकरण शोधायचं, बाकी पार्श्वभूमी.

पायरी 2: निष्कर्ष शब्दशः पकडा

‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून दिसतं की’ यांच्यामागून निष्कर्ष येतो. ‘कारण’, ‘ज्या अर्थी’ यांच्यामागून आधार. मात्र या परीक्षा इंग्रजीत असतात आणि तिथे ‘सिन्स’ हा शब्द चकवतो. तो कधी ‘कारण’ या अर्थाने येतो, कधी ‘पासून’ या अर्थाने. ‘2015 पासून’ हे वाक्य आधार आहे असं समजून पुढे जाऊ नका.

असा कोणताच खुणेचा शब्द नसेल तर दोन वाक्यांच्या मध्ये ‘कारण’ घालून बघा. ‘पूल बंद ठेवावा, कारण खांबांना तडे गेले आहेत’ हे बरोबर वाटतं. उलटं करून ‘खांबांना तडे गेले आहेत, कारण पूल बंद ठेवावा’ म्हटलं तर अर्थच लागत नाही. म्हणजे पूल बंद ठेवणं हा निष्कर्ष. तो पहिल्या वाक्यात असो, मधल्या वा शेवटच्या, चाचणी तीच.

आणखी एक सापळा पूर्वपक्षाचा. ‘अनेकांना वाटतं की अमुक. परंतु…’ अशी सुरुवात असेल तर ते ‘अमुक’ लेखकाचं मत नसतं, तो ते खोडायला निघालेला असतो. पूर्वपक्षालाच निष्कर्ष समजलात तर तुम्ही निवडलेला पर्याय लेखकाला बळकटी देणारा निघेल, आणि पाच पर्यायांत तो तुमच्यासाठी मुद्दाम ठेवलेलाच असतो.

निष्कर्ष सापडला की त्यातले लहान शब्द अधोरेखित करा: ‘मुख्य’, ‘एकमेव’, ‘नक्की’, ‘बहुधा’, ‘पुढल्या वर्षी’, ‘खर्च’, ‘नफा’. बरोबर आणि चुकीच्या पर्यायातलं अंतर बहुतेक वेळा यांतल्याच एखाद्या शब्दाएवढं असतं. ‘विक्री वाढेल’ या निष्कर्षाला ‘कच्चा माल महागला आहे’ हा पर्याय फारसा लागत नाही. ‘नफा वाढेल’ असा निष्कर्ष असेल, तर तोच पर्याय वर्मी लागतो.

पायरी 3: फट शोधा

आधार आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एक न बोललेला दुवा असतो, त्याला गृहीतक म्हणायचं. घाव तिथे घालायचा. आधारावर नाही, कारण तो खरा धरलेला आहे. निष्कर्षावर थेटही नाही, कारण ‘निष्कर्ष चुकीचा आहे’ इतकं उघड सांगणारा पर्याय सहसा नसतोच. हे एका उताऱ्यावर बघू.

*एका कारखान्यात यंत्रांची देखभाल पूर्वी रात्रपाळीत होत असे. गेल्या वर्षाच्या सुरुवातीपासून ती दिवसपाळीत होऊ लागली. त्या वर्षात यंत्र बंद पडण्याच्या घटना आदल्या वर्षापेक्षा 30 टक्क्यांनी कमी झाल्या. यावरून, देखभालीची वेळ बदलल्यामुळेच बिघाड कमी झाले, असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे.*

*(अ) दिवसा देखभाल केल्यामुळे उत्पादनाचे काही तास वाया जातात.*
*(ब) इतर अनेक कारखान्यांत देखभाल रात्रीच केली जाते.*
*(क) गेल्या वर्षी यंत्रं जेवढे तास चालली, साधारण तेवढेच तास ती आदल्या वर्षीही चालली होती.*
*(ड) गेल्या वर्षाच्या सुरुवातीला कारखान्याने सर्वांत जुनी एक तृतीयांश यंत्रं काढून त्या जागी नवी बसवली.*
*(इ) वेळ बदलल्यानंतरही काही यंत्रं बंद पडलीच.*

पर्यायांवर हात ठेवा आणि फट एका वाक्यात मांडा: ‘एक बदल झाला, मग बिघाड घटले, म्हणजे त्या बदलामुळेच घटले, मधल्या काळात दुसरं काही बदललंच नाही, असं धरलंय.’ एवढं पुरे. नेमकं उत्तर काय असेल याचा अंदाज बांधू नका, फक्त दिशा ठरवा. कारण याच फटीत बसणारी उत्तरं अनेक आहेत. नवी यंत्रं आली, हे एक. बिघाडाची व्याख्या बदलली, म्हणजे पूर्वी दहा मिनिटं थांबलेलं यंत्र नोंदवत आणि आता अर्धा तास थांबलेलंच नोंदवतात, हे दुसरं. ज्या विभागात देखभाल रात्रीच होत राहिली तिथेही बिघाड तेवढेच घटले, हे तिसरं. ‘नवी यंत्रं’ एवढंच डोक्यात घेऊन पर्यायांकडे गेलात आणि तिथे व्याख्येचा मुद्दा निघाला, तर तुम्ही त्याला ओलांडून पुढे जाल.

पायरी 4: प्रत्येक पर्यायाला ‘बरं, मग?’ विचारा

पर्याय खरा धरायचा, निष्कर्ष मनात म्हणायचा आणि विचारायचं: बरं, मग?

(अ) उत्पादनाचे तास वाया जातात. बरं, मग? बदल महागात पडला असेल, पण बिघाड कशामुळे घटले हा वाद अजून तसाच आहे. हा पर्याय सर्वांत जास्त बळी घेतो, कारण तो योजनेविरुद्ध बोलतो आणि विरोधाचा सूर ऐकला की हात तिकडे जातो. निष्कर्ष ‘बदल फायद्याचा आहे’ असा असता तर गोष्ट वेगळी.

(ब) इतर कारखान्यांत रात्री देखभाल होते. तिथे बिघाड जास्त की कमी, ते सांगितलेलं नाही. तुलनेचा एकच पाय जमिनीवर आहे.

(क) इथे जरा थांबायला हवं. यंत्रं कमी तास चालली म्हणून बिघाड कमी झाले, ही शक्यता होती. हा पर्याय ती शक्यता बाद करतो. म्हणजे तो फट बुजवतो, युक्तिवादाला बळकटी देतो. विषय अगदी नेमका, दिशा उलटी. घाईत वाचणारा ‘चालण्याचे तास, हे महत्त्वाचं आहे’ म्हणतो आणि याच्यावर खूण करून मोकळा होतो.

(ड) जुनी यंत्रं गेली, नवी आली, आणि तीही त्याच सुमारास. बिघाड घटण्याचं दुसरं कारण समोर उभं राहिलं. हेच उत्तर.

(इ) काही यंत्रं बंद पडलीच. निष्कर्ष ‘कमी झाले’ असा आहे, ‘थांबले’ असा नाही. जो दावा केलेलाच नाही तो खोडून उपयोग नाही.

(ड)वर एक आक्षेप येतो: ‘नवी यंत्रं कमी बिघडतात हे कुठे लिहिलंय?’ लिहिलेलं नाही, पण एवढं व्यवहारज्ञान धरून चालतात. मर्यादा अशी ठेवा: कुणालाही विचारलं तरी मान्य होईल असं एक पाऊल तुम्ही जोडलं तर चालेल. पर्याय लागू पडण्यासाठी दोन-तीन पावलं रचावी लागली, ‘समजा कामगारांना दिवसपाळी आवडत नसेल, मग ते कामात टाळाटाळ करतील, मग…’ अशी साखळी लागली, तर तो पर्याय सोडा. हुशार विद्यार्थी याच ठिकाणी जास्त चुकतात, कारण त्यांना साखळी रचता येते.

फट बहुधा कुठे असते

कार्यकारणाचे उतारे सर्वाधिक भेटतात, म्हणून त्यांवर जास्त वेळ द्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढ्यावर कावळ्याला दोषी ठरवणं ही या उताऱ्यांची मूळ रचना. त्यावर हल्ल्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. दुसरं कारण दाखवणं, ही वर पाहिली. कारण असूनही परिणाम नाही किंवा परिणाम आहे पण ते कारणच नव्हतं, अशी जोडी दाखवणं ही दुसरी. रात्रीच देखभाल होणाऱ्या विभागाचं उदाहरण यातलं, आणि ते (ड)पेक्षाही जोरकस ठरलं असतं. मोजणीतच खोट आहे हे दाखवणं तिसरी.

चौथी वाट दिशा उलटवण्याची, आणि ती ओळखायला नवख्यांना वेळ लागतो. ‘उभं राहून काम करायची टेबलं वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये पाठदुखी इतरांपेक्षा जास्त आढळते, म्हणजे या टेबलांमुळे पाठ दुखते.’ इथे कमकुवत करणारं विधान असं येईल: ‘ही टेबलं मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना आधीपासूनच पाठीचा त्रास होता.’ टेबलामुळे दुखणं नव्हे, दुखण्यामुळे टेबल. दोन गोष्टी सोबत आढळतात असं वाचलं की बाण मनातल्या मनात एकदा उलटा करून बघा.

आकड्यांचे उतारे घाबरवतात, पण त्यांची फट जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी असते: टक्केवारी कशाची आणि एकूण किती? ‘सायकल अपघातांपैकी 70 टक्के दिवसा घडतात, म्हणून रात्री सायकल चालवणं जास्त सुरक्षित.’ कमकुवत करणारं विधान: ‘सायकलच्या 90 टक्के फेऱ्या दिवसा होतात.’ पटत नसेल तर कागदावर मांडा. 10,000 फेऱ्या आणि 100 अपघात धरा. दिवसा 9,000 फेऱ्यांत 70 अपघात, म्हणजे हजारी आठच्या आत. रात्री 1,000 फेऱ्यांत 30, म्हणजे हजारी तीस. रात्रीचा धोका जवळपास चौपट निघाला, आणि उताऱ्यातला एकही आकडा आपण खोटा ठरवला नाही. परीक्षेत एवढी आकडेमोड करायची गरज नसते. छेद, म्हणजे एकूण फेऱ्यांचा आकडा, गायब आहे हे दिसलं की बास.

योजनेचे उतारे सोपे असतात. ‘भेटीच्या आदल्या दिवशी रुग्णांना आठवणीचा संदेश पाठवला तर न येणाऱ्यांचं प्रमाण घटेल.’ गृहीतक असं की लोक विसरतात म्हणून येत नाहीत. ‘न आलेल्या बहुतेकांना तारीख लक्षात होती, पण बरं वाटू लागल्याने त्यांनी येणं टाळलं’ असं म्हटलं की संदेशाचा उपयोग संपला. योजना खर्चीक आहे, हा आक्षेप मात्र इथे चालणार नाही, दावा प्रमाण घटण्याचा आहे.

पाहणीच्या उताऱ्यात उत्तर देणारे कोण होते ते बघा. सेवा सोडून गेलेल्यांना प्रश्नावली पोचलीच नसेल, तर ‘82 टक्के ग्राहक समाधानी’ या आकड्यात काही दम राहत नाही. साधर्म्याच्या उताऱ्यात, म्हणजे ‘तिथे चाललं, म्हणून इथेही चालेल’ अशा ठिकाणी, दोन जागांमधला असा फरक शोधा जो नेमका त्या परिणामाशी निगडित आहे. कुठलाही फरक चालत नाही.

शेवटच्या दोन पर्यायांवर अडकलात तर

हे रोजचंच आहे. दोन्ही पर्याय पुन्हा पुन्हा वाचून काही निघत नाही. निष्कर्ष पुन्हा वाचा. बहुतेक वेळा दोघांतला एक जण निष्कर्षातल्या वस्तूबद्दल न बोलता तिच्या शेजारच्या वस्तूबद्दल बोलत असतो: नव्या ग्राहकांबद्दल दावा असताना जुन्या ग्राहकांबद्दल, पुढल्या वर्षाचं भाकीत असताना मागल्या दशकाबद्दल.

तरीही दोन्ही लागू पडत असतील तर जोर मोजा. तर्काच्या परीक्षेत ‘काही’ म्हणजे निदान एक, बाकी हमी नाही. ‘काही ग्राहक परत गेले’ यापेक्षा ‘बहुतेक ग्राहक परत गेले’ जड. ‘टोकाचे शब्द दिसले की पर्याय खोडा’ हा नियम तुम्ही कुठेतरी ऐकला असेल. तो ‘उताऱ्यावरून काय निष्पन्न होतं’ या प्रकारच्या प्रश्नांचा आहे, तिथे टोकाचं विधान सिद्ध करणं अवघड म्हणून. इथे पर्याय खराच धरायचा आहे, त्यामुळे तो जितका ठाम तितका घाव खोल. अपवाद एकच: निष्कर्षच ‘सर्व’, ‘कधीच नाही’, ‘एकमेव’ असा आडमुठा असेल, तर एक साधं ‘काही’ही त्याला पुरतं.

‘वगळता’चा प्रश्न

‘खालील सर्व विधानं युक्तिवाद कमकुवत करतात, एक वगळता.’ चार पर्याय घाव घालतात, उरलेला शोधायचा. तो बळकटी देणाराच असेल असं धरून बसू नका. तो नुसता असंबद्ध असू शकतो, आणि अनेकदा असतोच. प्रत्येक पर्यायापुढे कच्च्या कागदावर ‘क’ (कमकुवत) किंवा ‘नाही’ एवढंच लिहा. बळकट की असंबद्ध, हा तपशील ठरवायला वेळ घालवू नका, दोन्ही ‘नाही’च.

वेळ आणि सराव

जीमॅटच्या सध्याच्या रचनेत व्हर्बल विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न असतात, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सरासरी दोन मिनिटांहून थोडं कमी. त्यात मोठ्या उताऱ्यांवरचे प्रश्नही आले. एलसॅटच्या लॉजिकल रीझनिंग विभागाला 35 मिनिटं आणि साधारण 25 प्रश्न, तिथे दीड मिनिटही मिळत नाही. जीमॅटसाठी विभागणी अशी ठेवून बघा, एलसॅटला ती थोडी आवळावी लागेल: प्रश्न आणि उतारा मिळून 40 सेकंद, फट मांडायला 15, पाच पर्यायांना 35 ते 45. फटीचे ते 15 सेकंद वाचवावेसे वाटतात. ते वाचवले की पर्यायांवर मिनिटभर जास्त जातं, आणि वर उत्तर चुकतं ते वेगळंच.

पहिले दोन आठवडे घड्याळ बाजूला ठेवा. रोज 8 ते 10 प्रश्न घ्या, त्याहून जास्त नको. प्रत्येकाला वहीत तीन ओळी: निष्कर्ष त्याच्याच शब्दांत, फट तुमच्या शब्दांत, आणि चारही चुकीच्या पर्यायांपुढे बाद होण्याचं कारण एकेका शब्दात, जसं उलट, असंबद्ध, शेजारची वस्तू, न केलेला दावा, लांब साखळी. उत्तर बरोबर आलं तरी हे लिहायचं, कारण चुकीच्या कारणाने बरोबर आलेलं उत्तर पुढच्या वेळी दगा देतं. पन्नासेक प्रश्नांनंतर वही चाळा. बहुतेकांच्या चुका एकदोन शब्दांभोवतीच गोळा झालेल्या दिसतात. कुणी सतत ‘उलट’वर फसतो, कुणी ‘साखळी’वर. ज्याचं ‘उलट’ जास्त, त्याने पर्याय निवडल्यावर खूण करण्याआधी मनात एकदा म्हणावं: ‘यामुळे निष्कर्षावरचा माझा विश्वास कमी झाला की वाढला?’ ज्याची ‘साखळी’ जास्त, त्याने आपण जोडलेली पावलं बोटांवर मोजावीत आणि दुसरं बोट उघडलं की पुढच्या पर्यायाकडे वळावं.